बोट गेलं प्रेसमध्ये, कागदावर मात्र कडबा कुट्टी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव काढलंय, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत):

"वय २९. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये (मशीनने पत्रा दाबून सुटे भाग काढतात) सात वर्षं डाय सेटर आहे, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवतो. हजेरीवर आम्ही १४ जण आणि ठेकेदाराची ८ पोरं. मागच्या महिन्यात रात्री सव्वातीनला दिंडोरीकडच्या एका २१ वर्षांच्या पोराचं अंगठ्याशेजारचं बोट प्रेसमध्ये गेलं, दोन पेरं काढावी लागली. तो सकाळी आठला आलेला, रिलीव्हर आला नाही म्हणून थांबवला होता. शेठनी स्वतःच्या गाडीतून प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, सगळं बिल भरलं, वर ५० हजार द्यायला तयार आहेत. फक्त स्टॅम्पपेपरवर लिहून हवंय की बोट घरी कडबा कुट्टीत गेलं, आणि साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे. (हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बायपास होता, प्रॉडक्शनसाठी मीच करून दिला होता.) माझ्या बहिणीच्या लग्नाला शेठनी ८० हजार बिनव्याजी दिले, त्यातले ३० अजून बाकी आहेत. ते म्हणतात नवीन कायद्यात वीसच्या आत माणसं असली की फॅक्टरीच धरत नाहीत, आपली १४ आहेत, तक्रार करून काही होणार नाही, उलट कंपनी बंद पडली तर २२ घरांच्या चुली विझतील. पोराचं पण लक्ष नव्हतंच म्हणा. ताई, सही करू की नोकरी सोडू?"

सही करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुला अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, माझा धाकटा भाऊ तुझ्याहून मोठा आहे. मी सातपूरला एका कारखान्यात पर्सोनेलमध्ये सव्वीस वर्षं काढली, तेव्हा असले कागद मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत असा एक कागद माझ्याच हाताने टाइप केलाय. त्यात बोट जिन्यावरून पडून गेलं होतं. जिन्यावरून पडून बोट जातं कसं हे त्या दिवशी साहेबांनी विचारलं नाही, मी पण नाही. तो माणूस पुढे कितीतरी वर्षं मला श्रमिकनगरच्या बाजारात दिसायचा आणि मी भाजी न घेताच पुढे जायचे. म्हणून वरून उपदेश करतेय असं समजू नकोस.

आता तुझं पत्र. वहीची साडेतीन पानं आहेत, इथे छापताना बरीच कापली. त्यात शेठच्या उपकारांवर दीड पान आहे, पोराच्या बोटावर अर्धं, आणि सेन्सर तूच बायपास केला होतास हे एक वाक्य, ते पण कंसात. मला वाटतं खरं पत्र त्या कंसातच आहे. त्याच्याकडे येते, पण आधी शेठची बेरीज बघू, कारण ती फार मजेशीर आहे.

कायद्यासाठी माणसं मोजताना ते १४ मोजतात आणि चुली मोजताना २२. आठ पोरांची चूल खरी पण माणूस खोटं असं कसं चालेल रे? नवीन कायदा म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता, २०२० सालची, तेरा जुने कायदे एकत्र करून केलेली, आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. त्यात फॅक्टरीची मर्यादा वाढवलीय हे शेठचं अर्धं बरोबर आहे, १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये पॉवरवर चालणाऱ्या कारखान्याला दहा माणसं पुरायची, आता वीस लागतात. पण ती वीस मोजायची कशी हेही तिथेच लिहिलंय. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी तेवढी माणसं कामावर असली तरी झालं, आणि सगळ्या शिफ्टची मिळून मोजायची. तिथे काम करणारा माणूस मोजायचाय, पगार कोणाच्या हातून घेतो त्याने फरक पडत नाही. म्हणजे तुम्ही २२ आहात, फॅक्टरी आहात, विषय संपला.

बरं समजा, वादासाठी, खरंच १४ असता. तरी सुटका नाही. त्या संहितेत फॅक्टरी हा एक प्रकार झाला, पण मालकाची मूळ कर्तव्यं दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कुठल्याही आस्थापनेला लागू आहेत. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं त्यात येतं, प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर देणं त्यात येतं (त्या पोराकडे आहे का? तुझ्याकडे तरी आहे का?), आणि अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची नोटीस देणंसुद्धा त्यातच. छोट्या वर्कशॉपवाल्यांमध्ये सध्या हे फार फिरतंय, "वीसच्या आत असलं की काही नाही", चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलंय. ज्यांना ज्यांना हे सांगितलं गेलंय त्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक. शेठ म्हणतात तक्रार करून काही होणार नाही, आणि त्याच श्वासात म्हणतात कंपनी बंद पडेल. दोन्ही एकदम खरं कसं असेल? काहीच होणार नसेल तर त्यांना स्टॅम्पपेपर कशाला पाहिजे? जे होऊ शकतं ते सांगते, म्हणजे भीतीला तरी काही माप राहील. शरीराचा भाग कायमचा गेला की कायद्यात ती गंभीर दुखापत धरतात. मालकाने सुरक्षेचं कर्तव्य पाळलं नाही म्हणून ती झाली असं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला निम्मा किंवा जास्त भाग जखमी माणसाला द्यायला कोर्ट सांगू शकतं. हे शेठसाठी लहान नाहीये, त्यांची झोप उडाली असेल ते मी समजू शकते. पण ही शिक्षा मालकाला आहे. धोक्याची मशीन दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा असं सांगता येतं, ते वेगळं, आणि खरं सांग, ती तशीच चालू राहावी असं तुला तरी वाटतं का? बावीस चुलींची गोष्ट मी सव्वीस वर्षं ऐकली, दर वेळी आकडा वेगळा असायचा. आणि प्रत्येक वेळी ती ऐकवली जायची ज्याची चूल आत्ताच अर्धी विझलीय त्याच्या मित्राला.

आता पन्नास हजार. तुला ते मोठं मन वाटतंय, आणि शेठ दुष्ट आहेत असं मला पण म्हणायचं नाहीये. रात्री सव्वातीनला स्वतः गाडी काढून नेणारा माणूस दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. पण हिशोब तर करू. कायद्यात हाताच्या पेरापेरांचा हिशोब लिहून ठेवलाय, वाचताना अंगावर काटा येतो पण आहे. अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलं तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९. पोराला ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू असेल (महिना २१ हजारांपर्यंत पगार असला की लागू होतं) तर जितके दिवस तो कामावर येऊ शकत नाही तितके दिवस पगाराच्या ९० टक्के मिळतात, कामावर झालेल्या दुखापतीला अमुक महिने वर्गणी भरलेली पाहिजे अशी अट नसते. आणि नंतर मेडिकल बोर्ड जितके टक्के ठरवेल त्या हिशोबाने दर महिन्याला पैसे, जन्मभर. पगार १५ हजार धर, ९० टक्के म्हणजे साडेतेरा हजार, त्याचे ११ टक्के म्हणजे १,४८५ रुपये महिना. दीड हजारात काय होतं म्हणशील. पोरगा २१ चा आहे, साठीपर्यंतच धरलं तरी सात लाखाच्या जवळ जातं. आणि ते मिळायचं तर दुखापत कामावर झाली हे कागदावर पाहिजे. म्हणजे पन्नास हजार देऊन शेठ त्याच्याकडून जे विकत घेतायत त्याची किंमत सात लाख आहे, आणि त्या सौद्यावर साक्षीदार म्हणून तुला बोलावलंय.

ठेकेदार रोख पगार देतो आणि ईएसआय कापतो की नाही माहीत नाही असं तू लिहिलंयस. मग आधी ते शोधा. पोराला इन्शुरन्स नंबर मिळालाय का, नसेल तर ईएसआयच्या ऑफिसला त्याने स्वतः जायचं, आणि नाव नोंदवलंच नव्हतं असं निघालं तरी त्याचा हक्क बुडत नाही, भुर्दंड मालकाला बसतो. ठेकेदाराची पोरं असली तरी ईएसआयची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावरच येते. सातपूरला त्र्यंबक रोडवर ईएसआयचं हॉस्पिटल आहे ते सगळ्या नाशकाला माहितीय, पण तिथे फक्त सर्दी-खोकल्याचं औषध मिळतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते, पेन्शनसारखे पैसे पण याच योजनेतून मिळतात हे अंबडच्या निम्म्या पोरांना कोणी सांगितलेलंच नसतं.

"पोराचं पण लक्ष नव्हतंच म्हणा." या वाक्यावर मी जरा थांबले. सकाळी आठला आलेला माणूस रात्री सव्वातीनला प्रेसवर होता. सव्वाएकोणीस तास. दिवसाचे आठ तास हे कायद्यातलं काम, त्यावरचा ओव्हरटाइम कामगाराच्या संमतीने आणि दुप्पट दराने. रिलीव्हर आला नाही म्हणून थांबवला याला संमती म्हणत नाहीत. एकोणीस तास उलटल्यावर तुझं लक्ष राहिलं असतं का? माझं तर रात्री दहानंतर सिरीयल बघताना पण राहत नाही. आणि मुळात लक्ष असलं तरच बोट वाचतं अशी मशीन असेल तर कोणाचं ना कोणाचं बोट जाणारच आहे, फक्त तारीख ठरायची असते. सेन्सर बसवलेला असतो तो लक्ष नसलेल्या माणसासाठीच ना.

तर आता तो कंस.

तू सेटर आहेस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. सेन्सरमुळे दर वेळी हात आत गेला की स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा खाली येणारा ठोका, थांबतो, तासाचे नग पडत नाहीत, सुपरवायझर बोंबलतो, मग कोणीतरी दोन वायरी जोडतो आणि सगळे खुश. त्या रात्री तो कोणीतरी तू होतास. सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टीत जाणूनबुजून ढवळाढवळ करायची नाही हे कायद्यात कामगारालाही सांगितलेलं आहे, त्यामुळे तुला भीती वाटते ती खोटी नाही. पण मला वाटतं शेठच्या ८० हजारांचं ओझं तुला वाटतंय तेवढं नाहीये, जास्त ओझं या दोन वायरींचं आहे. सही केली की पोराचा अपघात घरचा होतो आणि तुझ्या वायरी पण गायब होतात. हे तू स्वतःला सांगितलं नाहीस, शेठनी पण सांगितलं नाही, पण दोघांनाही माहितीय. वकिलाने सांगितलं तरी हेच सांगेल, की मालकाच्या सांगण्यावरून केलेलं एक चुकीचं काम आणि नंतर स्वतःच्या मर्जीने दिलेली खोटी साक्ष, यातलं दुसरं जड पडतं. पहिल्याला तुझ्याकडे उत्तर आहे, सुपरवायझरने कधी, काय शब्दात सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर काही मेसेज असेल तर तो. दुसऱ्याला काय उत्तर देशील?

वकिलाचं निघालंच आहे तर, फी कुठून भरू म्हणू नकोस. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट कामगाराला लागत नाही. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. पोराला पण हेच सांग.

आणि तो कागद टिकेल असं शेठना वाटत असेल तर त्यांना पण कोणीतरी समजवा. कडबा कुट्टीचं पातं बोट कापतं, प्रेस बहुतेकदा ते चिरडतो. जखम आणि एक्स-रे बघून डॉक्टरला दोन्हीतला फरक कळू शकतो. त्यात तूच लिहिलंयस की पोराच्या घरी दोन शेळ्या आहेत, दोन शेळ्यांसाठी कडबा कुट्टी कोण घेतं भो. प्रायव्हेट हॉस्पिटलच्या केस पेपरवर भरती करताना कसं लागलं ते लिहितात, तिथे पहाटे साडेतीनच्या सुमारास काय सांगितलं गेलं ते आधी बघा. घाईत खरं सांगितलं असेल तर स्टॅम्पपेपर रद्दी आहे, आणि तो बनवल्याबद्दल शेठ आणखी अडकतील. त्यांच्या भल्याचाच विचार करायचा तरी सही न करणंच त्यांच्या भल्याचं आहे.

मग करायचं काय. नोकरी सोडण्याचं आधी बघू, कारण ते तुला स्वाभिमानाचं वाटतंय. पण तू सोडलीस तर शेठ दुसरा साक्षीदार शोधतील, दुसरा सेटर येईल आणि तोही वायरी जोडेल. पोराच्या हाती काय पडलं? सही करणं आणि गुपचूप निघून जाणं यात त्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

सगळ्यात आधी पोराला जाऊन भेट. शेठचा निरोप घेऊन नको, एकटा जा, रविवारी. त्याचे आईवडील असतील तर त्यांच्यासमोर बस, आणि हा टक्क्यांचा हिशोब कागदावर मांडून दाखव. सेन्सरचं पण सांग. हे अवघड आहे मला माहितीय, शिव्या पडतील कदाचित, पडू देत. पन्नास हजार घ्यायचे की दावा करायचा हा निर्णय त्याचा आहे, तुझा नाही आणि माझाही नाही, पण सगळं माहीत असताना घेतलेला असावा. काही पोरं म्हणतात ताई आत्ता पैसे लागतात, नंतरचं कोणी बघितलंय, आणि त्यांचंही काही अगदी चूक नसतं. फक्त त्याला हे पण सांग की शेठ मदत म्हणून पैसे देत असतील तर ते घ्यायला कुट्टीचा कागद लागत नाही, मदतीची नुसती पावती लिहून देता येते.

मग शेठकडे जा. सगळ्यांसमोर नको, संध्याकाळी केबिनमध्ये. तुझी भाषा तुला माहीत, तुझ्या जागी मी असते तर एवढंच म्हटलं असतं की शेठ, तुमचे ३० हजार मी फेडणार आहे, दर महिन्याला अमुक रक्कम तुमच्या खात्यावर टाकतो (रोख नको, फोनवरून पाठव म्हणजे नोंद राहते), पण या कागदावर सही जमणार नाही, आणि तुम्ही पण करू नका, आपण अपघाताची नोटीस उशिरा का होईना देऊ. उशिराच्या नोटिशीला काहीतरी खुलासा देता येतो, खोट्या कागदाला कुठला द्यायचा? ते चिडतील. दोन दिवस बोलणार नाहीत. काढून टाकतील का? टाकू शकतात, ती शक्यता नाहीच असं सांगून मी तुला फसवणार नाही, पण एक्सलो पॉइंटपासून आत शिरलं की किती गेटवर "डाय सेटर पाहिजे" चे बोर्ड लागलेत ते तू रोज बघतोस. तुझ्या हातात कला आहे, आणि दहा बोटं आहेत.

शेठनी ऐकलंच नाही तर लेखी जा. संहितेत कामगाराला हक्क दिलाय की जिवाला किंवा शरीराला लगेच गंभीर धोका आहे अशी रास्त भीती वाटत असेल तर मालकाला कळवायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला पण कळवायचं. आता त्याला इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हणतात, नावाला हसू नको, मालकाला आणि कामगाराला सल्ला देणं पण त्याच्या कामात धरलंय. फॅक्टऱ्यांसाठी आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, त्याचं ऑफिस नाशकातच आहे, मुंबईला जायची गरज नाही. अर्जात मशीन कुठली, काय नाहीये, तारीख, वेळ एवढंच लिही, शेठ कसा माणूस आहे वगैरे नको. नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट लिही आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

तुझ्या पत्रात मशीनबद्दल अजून एक गोष्ट होती, की बाकीचे दोन जुने प्रेस पिन क्लचचे आहेत आणि शेठ म्हणतात त्यांना पण सेन्सर लावून देतो, मग झालं ना. नाही झालं. पिन क्लच, म्हणजे फिरत्या चाकाला प्रेस जोडणारी पिन, एकदा गुंतला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय स्लाइड (वरून खाली येणारा भाग) थांबत नाही, सेन्सरने काय तो सिग्नल देऊ दे. वर पिन किंवा स्प्रिंग झिजली की पेडल न दाबता दुसरा स्ट्रोक येतो, तुम्ही त्याला रिपीट म्हणता. अशा मशीनला डायभोवती पक्का गार्ड पाहिजे, पत्र्याची पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवून, आणि सुटे नग असतील तर चिमट्याने फीडिंग. पेडलवर कव्हर पाहिजे, वरून काही पडून दाबला जाऊ नये म्हणून. हे तू डोळे मिटून बनवू शकतोस. सेन्सरचं आश्वासन ऐकून गप्प बसलास तर पुढचं बोट त्या दोघांपैकी एकावर जाईल. शेठ जे आत्ता पन्नास हजार काढायला तयार आहेत ना, त्यातल्या थोड्या पैशात दोन गार्ड होतील का याचा अंदाज काढून त्यांच्यासमोर ठेव, मालक माणसाला असा हिशोब लवकर कळतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना, ज्यांचं अजून काही झालेलं नाही त्यांना: अपॉइंटमेंट लेटर मागून घ्या, ईएसआयचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, आणि उद्या कोणाला लागलंच तर हॉस्पिटलच्या काउंटरवर खरं सांगणारा एक जण सोबत जाऊ द्या. पहिल्या दहा मिनिटांत जे लिहिलं जातं ते पुढे दहा वर्षं पुसता येत नाही. आणि ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेताना फोटो काढतात ना, तेव्हा मागे कुठल्या मशीनचा सेन्सर बंद आहे ते पण फोटोत येऊ द्या.

एक विचारायचं राहिलं. खंडेनवमीला त्या प्रेसला हार घालून नारळ कोण फोडतं तुमच्याकडे? आमच्याकडे सेटरच फोडायचे. तू फोडत असशील तर ती मशीन शेठच्या आधी तुझी आहे. म्हणून रविवारपर्यंत थांबू नकोस, पोराकडे रविवारी जा, पण उद्या पहिल्या शिफ्टला गेलास की त्या दोन वायरी सोड, सेन्सर चालू कर, लाकडाची पट्टी आत घालून स्ट्रोक थांबतो का ते बघ, आणि थांबला तरच ऑपरेटरला बसव. नग कमी पडले म्हणून सुपरवायझर ओरडला तर त्याला म्हण, लेखी दे.